वाऱ्याला पाठ

आमची टेक्ला वहिनी भित्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात तिची ओळखच तशी करून दिली जायची, कोर्पेलांची ती भित्री सून. मी, सायमा, तिची सख्खी नणंद, तेव्हा माझ्याकडून तिच्या कौतुकाची फार अपेक्षा ठेवू नका. तिच्याशी माझं पुष्कळदा वाजलं आहे. सॉनाची, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल विझली का हे बघायला ती पुन्हापुन्हा उठायची. पाहुणे जिना उतरत असले की खाली उभी राहून ‘हळू, हळू’ म्हणत राहायची, त्यामुळे न घसरणारा माणूससुद्धा घसरायचा. माझा थोरला भाऊ वाल्फ्रिड, म्हणजे तिचा नवरा, सांगायचा की लग्नात पाद्री प्रार्थना म्हणत असताना ही चर्चच्या छताकडे बघत होती, वरचा बर्फ कोसळणार तर नाही ना म्हणून.

पण या झाल्या किरकोळ भीती. तिची खरी भीती एकच होती, वसंतातल्या बर्फाची. ती लहान असताना तिचे वडील घोडा आणि घसरगाडी घेऊन सरोवराच्या बर्फावर जाळी काढायला गेले. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला आणि बर्फ किनाऱ्यापासून तुटला. तिची आई किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. वडील लांबून हात हलवत होते म्हणे, आधी मदतीसाठी आणि नंतर नुसतेच. पुढे घोडाही सापडला नाही. अशा पोरीनं मासे धरणाऱ्याशी लग्न करू नये, हे मी तिला लग्नाआधी तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, या गावात मासे न धरणारा पुरुष दाखव, त्याच्याशी करते.

आमचं गाव, हेरिंग पॉइंट, अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, त्यामुळे सगळं पाणी आमच्या उत्तरेला. हिवाळाभर खाडी गोठलेली असते आणि पुरुष मंडळी बर्फावर लाकडी खोपटं ओढत नेऊन, गिरमिटानं भोकं पाडून, त्यात गळ सोडून बसलेली असतात. मार्चअखेरीस दक्षिणेचे वारे सुरू होतात आणि मग दोन गोष्टी एकदम घडतात. त्या वाऱ्यावर स्वार होऊन खालच्या मुलखातून पाखरांचे थवेच्या थवे वर येतात, आणि त्याच वाऱ्यानं खाडीतला बर्फ किनारा सोडून उघड्या पाण्याकडे निघतो. शहरातून पाखरं बघायला येणारे लोक या वाऱ्याची वर्षभर वाट बघतात. आमच्याकडच्या बायका तो वारा नुसता खिडकीवर आपटला तरी बर्फावर कोण कोण आहे ते मोजायला लागतात.

वहिनी पाखरं बघायला लागली ती याच भीतीपोटी. दादानं हरणांच्या शिकारीसाठी घेतलेली दुर्बीण गळ्यात अडकवून ती आमच्या घरामागच्या टेकाडावर उभी राहायची आणि बर्फावरची माणसं नजरेखाली ठेवायची. डोक्याला लाल लोकरीची टोपी. ती मुद्दाम लाल, म्हणजे दादाला खालून दिसावी आणि त्याला परत यायची आठवण व्हावी. आता इतका वेळ बर्फाकडे बघत राहिलं की माणसांपेक्षा पाखरंच जास्त दिसणार. पाखरं ओळखायला ती शिकली ती काही आवडीनं नव्हे. समोर हललेली वस्तू माणूस नाही एवढी खात्री तिला हवी असायची. कुठलं बदक कसं डुबकी मारतं, ससाणा आणि घार लांबून वेगळी कशी कळते, गरुडाचं डोकं पांढरं व्हायला किती वर्षं जातात, सगळं तिला असंच येत गेलं. पुढे शहरातले हौशी लोक तिला फोन करून विचारू लागले, टेक्लाबाई, काय काय आलंय, आम्ही निघू का. त्यांनीच तिला तिपाईवरची मोठी दुर्बीण भेट दिली. भीतीचं असं कौतुक झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मात्र गावाला तिनं सुरुवातीला फार छळलं. एकदा बर्फावर माणूस पडलाय म्हणून तिनं आमच्या बचाव पथकाला बोलावलं, तर ते पांढरं घुबड निघालं. दुसऱ्यांदा डोमकावळ्यांनी वेढलेलं मेलेलं हरीण. आमचं पथक म्हणजे काय, गावातलीच पोरं, आपापली कामं टाकून धावणारी. त्यांचा म्होरक्या आर्मास स्कूलबस दुरुस्त करायचा. तिसऱ्या वेळी तिनं फोन केला तेव्हा पथक कुरकुरत गेलं. तिथं बर्फावर कुणाची तरी उपडी बादली होती, आणि ती बघायला पुढे गेलेला एक पोरगा बर्फातून खाली गेला. ओढून काढला त्याला, वाचला, पण पायाची बोटं गेली.

त्यानंतर आर्मास वहिनीच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथेच होते. त्यानं कॉफी घेतली, वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा मोडला आणि खाली बघतच म्हणाला, ‘काकू, तू पाखरं बघ. माणसं बघू नकोस. माणसं दिसली की आमची पोरं बुडतात.’

वाईट बोलला नाही तो. आवाजही चढवला नाही. पण वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. त्या दिवसापासून तिनं स्वतःला एक वळण लावून घेतलं. बर्फावर काहीही दिसलं की आधी म्हणायचं, पाखरू असणार. मग ते कुठलं पाखरू, एवढंच शोधायचं. तिला मी पुटपुटताना ऐकलेलं आहे, शाळेतल्या पाढ्यासारखं, पाखरू आहे, पाखरू आहे.

तिची भीती कमी व्हावी म्हणून गावानं एक चाल पाडली. क्रौंच पक्षी आमच्याकडे येतात ते पहिल्या मोठ्या दक्षिण वाऱ्याबरोबर, आणि ते आले की बर्फाचा भरवसा संपला. तेव्हा वहिनीनं वसंतातला पहिला क्रौंच पाहिला की आमच्या दुकानाबाहेर, धक्क्याच्या खांबावर, पत्र्याचा कापलेला एक क्रौंच टांगायचा. तो टांगला की बर्फावर कुणी जायचं नाही. दुकान माझं, तेव्हा टांगायचं कामही माझं. पण म्हातारे कोळी पक्के. ते म्हणाले, ही बाई घाबरून फेब्रुवारीतच क्रौंच बघेल, आणखी एक साक्षीदार पाहिजे. मग प्रत्येक वेळी मला दुकान सोडून टेकाड चढावं लागायचं आणि आकाशात मान वर करून, हो, क्रौंचच आहे, असं म्हणावं लागायचं. खरं सांगते, मला तो आणि बगळा सारखाच दिसतो. पण आवाज ओळखता येतो, गंजलेली बिजागरी करकरल्यासारखा.

चाल मात्र चांगली होती. पुष्कळ वर्षं ती सगळ्यांनी पाळली.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी क्रौंच वेळेवर आला, मी तो टांगला, आणि दादानं आपलं खोपट बर्फावरून ओढून आणून परसात उभं केलं. वहिनी त्या संध्याकाळी चक्क हसली होती. त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी, दक्षिणेचा वारा जोरात सुटला. दादा घसरगाडीवर बादल्या लादून निघाला. मेपलच्या झाडांना रस सुटलाय, गोळा करून आणतो, संध्याकाळी पाकासाठी उकळायला टाकू, असं तो मला दुकानाच्या दारातून ओरडून सांगून गेला. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी तो रस आणतोच. बादल्यांखाली गिरमिट आहे हे मला दिसलं नाही.

तेव्हा माझ्याकडे डोरीन नावाची पाहुणी उतरली होती. खालच्या भागातल्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, दर वसंतात पाखरं बघायला यायची आणि माझ्याकडे खोली घेऊन राहायची. अशा वाऱ्यावर तिला घरात बसवेना. दुकान बंद करून मीही तिच्याबरोबर टेकाडावर गेले. वहिनी आधीच तिथं होती, लाल टोपी, तिपाई आणि डब्यात पाव. डोक्यावरून शिक्रे आणि ससाणे एकामागून एक जात होते. डोरीन हरखून गेली होती. खाली खाडीतला बर्फ राखाडी झालेला, आणि टोकाच्या पलीकडे, बर्फ जिथं उघड्या पाण्याला लागतो तिथं, काळे ठिपके बसलेले होते.

गरुड, वहिनी म्हणाली. हिवाळ्यातले टाकाऊ मासे खायला उतरलेत.

तिनं ते एकेक करून डोरीनला दाखवले. वारा आमच्या पाठीमागून येत होता, म्हणून सगळे गरुड आमच्याकडे तोंड करून बसले होते. पांढरी डोकी, पिवळ्या चोची, अगदी लख्ख. डोरीन मोजत गेली आणि शेवटी एका काळ्या ठिपक्यावर अडली. त्याला पांढरं डोकं नव्हतं, चोचही दिसत नव्हती. नुसता गोल काळा गोळा. तिनं विचारलं, हे काय?

वहिनी दुर्बिणीला डोळा लावून थोडी थांबली. मला तिचे ओठ हललेले आठवतात.

‘पिल्लू,’ ती म्हणाली. ‘गरुडाचं. त्यांची डोकी काळीच असतात.’

डोरीननं मान डोलावली. मीही एकदा बघितलं आणि मला ते पिल्लूच दिसलं. कारण बर्फावर माणूस असूच शकत नव्हता, क्रौंच टांगून मला आठवडा झाला होता. मग आम्ही पाव खाल्ला, आणखी ससाणे बघितले, आणि वारा फारच झोंबायला लागला तेव्हा खाली उतरायला निघालो.

वाटेत झाडं संपून मोकळं माळरान लागतं. तिथं वाऱ्यानं वहिनीच्या गळ्यातला रुमाल उडवला. आम्ही वाऱ्याच्या तोंडावर चालत होतो. तो पुन्हा बांधायला ती वळली, वाऱ्याकडे पाठ केली, मान खाली घालून खांदे आवळले. आपण सगळे करतो तसंच. आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं रुमालाची गाठ बसत नाहीये. मी म्हटलं, वहिनी, आण इकडे, मी बांधते.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

‘सायमा,’ ती म्हणाली, ‘पाखरू वाऱ्याला पाठ देत नाही.’

मला काही कळलं नाही. तिनं परत तेच सांगितलं, सावकाश, जणू स्वतःलाच. पाखराची पिसं मागून वारा लागला की उलटी होतात, गारठा आत शिरतो. म्हणून ते नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसतं. सगळे गरुड आमच्याकडे बघत होते. त्या एकाला चोच का नव्हती? कारण तो पाठमोरा होता. वाऱ्याला पाठ देऊन कोण बसतं? माणूस बसतो.

मग ती पळत सुटली, परत टेकाडाकडे. तिला पळताना मी तोवर बघितलं नव्हतं, पडायची भीती म्हणून ती कधी पळत नसे. मी आणि डोरीन धापा टाकत मागून पोचलो तेव्हा ती दुर्बीण इकडून तिकडे फिरवत होती आणि तिच्या तोंडून विचित्र बारीक आवाज येत होता. खालचं दृश्यच बदललेलं होतं. किनारा आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा काळा पट्टा पडला होता आणि बघताबघता रुंद होत होता. पलीकडे धुकं उठलं होतं. गरुड उडून गेलेले. काळा गोळा कुठेच दिसत नव्हता.

मी म्हटलं, वहिनी, कुणी असेल कशावरून. क्रौंच टांगलाय. पण बोलता बोलता मला सकाळची घसरगाडी आठवली, आणि मेपलची झाडं गावाच्या दुसऱ्या बाजूला असताना दादा दुकानावरून, धक्क्याच्या दिशेनं का गेला, हा प्रश्न पडला. मी तिला ते सांगितलं. सांगायला नको असं वाटत होतं, पण सांगितलं.

तिपाई तिथंच टाकून ती दुकानाच्या वाटेला लागली.

दुकानातून तिनं आर्मासला फोन लावला. मी शेजारी उभी होते, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती म्हणाली, वाल्फ्रिड बर्फावर आहे आणि बर्फ निघालाय. तो काय विचार करत होता ते मला कळत होतं. घुबड, हरीण, बादली, आणि त्या पोराची बोटं.

‘काकू,’ तो म्हणाला, ‘तू त्याला डोळ्यांनी पाहिलंस?’

‘पाहिलं,’ वहिनी म्हणाली. ‘तू म्हणालास तशी पाखरंच बघत होते. गरुडांनीच सांगितलं.’

आर्मासनं पुढे एक शब्द विचारला नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात त्यांच्या होडीचा पंखा गर्जायला लागला. ती सपाट होडी असते, मागे भला मोठा पंखा, बर्फावरून आणि पाण्यावरून दोन्हीकडे जाणारी. ज्याची बोटं गेली होती तो पोरगाही तीत चढला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. होडी धुक्यात शिरली, आवाज बारीक होत गेला आणि मग वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

धक्क्यावर हळूहळू सगळा गाव जमला. एकीनं कॉफीचं भांडं आणलं, कुणी घेतली नाही. डोक्यावर पत्र्याचा क्रौंच खांबावर आपटून खडखडत होता, आणि तो काढून फेकून द्यावा असं मला सारखं वाटत होतं. त्याच्यावर विश्वास ठेवूनच आम्ही सगळ्यांनी त्या गोळ्याला पिल्लू ठरवलं होतं. मला दादाची आठवण येत होती ती लहानपणाची. मला खांद्यावर घेऊन याच बर्फावरून पळायचा आणि मी किंचाळले की आणखी जोरात पळायचा. भीती म्हणजे काय ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या वाटची भीती दुसऱ्या कुणीतरी करायची, हे त्यानं फार पूर्वीच ठरवून टाकलेलं होतं.

वहिनी धक्क्याच्या अगदी टोकाला उभी होती. तिची आई जिथं उभी राहिली होती ती जागा इथून फार लांब नाही. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती पाण्याकडे बघून एवढंच म्हणाली की आईनं निदान ओळखलं तरी होतं. मी तिचा हात धरला, तो बर्फाहून गार होता.

पंख्याचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा तो खरा की भास हे कुणालाच ठरवता येईना. मग तो वाढला. होडी धुक्यातून बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे त्यातली डोकी मोजत होतो, आणि एक डोकं जास्त होतं.

दादा आपल्या पायांनी धक्क्यावर उतरला. भिजला होता, ओठ निळे पडले होते, पण हातात माशांची बादली होती. बादली सोडली नाही बाबानं. उघड्या पाण्याच्या कडेला शेवटच्या बर्फात ट्राउट वर येतात, एकदाच जाऊन येणार होतो, असं तो म्हणाला. बर्फाची लादी तुटली हे त्याला उशिरा कळलं. मग तो बादलीवर बसून राहिला, वाऱ्याला पाठ करून. त्याच्या टाकाऊ माशांसाठी गरुड उतरले होते, त्यांची सोबत होती, असंही म्हणाला. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

मग तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

‘मी घाबरलो नाही हं,’ दादा म्हणाला. ‘मागे वळून बघितलं तर टेकाडावर तुझी लाल टोपी. म्हटलं, टेक्ला बघतेय, आता कशाला हातवारे करायचे. ती सांगेलच त्यांना.’

आर्मास होडीचा दोर बांधत होता, त्याचे हात थांबले. डोरीननं मान वळवली. डोरीनकडून आम्हा सगळ्यांना एव्हाना कळलं होतं की वहिनीनं त्याला पाहून काय म्हटलं. त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. वहिनीनं नुसती मान हलवली आणि त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. गावानंही ती गोष्ट गिळून टाकली. आमचा गाव तसा चहाटळ, पण त्या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही.

इथंच हे संपायला हवं होतं. पण त्या दिवसानंतर दादाला जे काही झालं ते मला आणखी भयंकर वाटलं. त्याच्या मनात जी काय थोडीफार धास्ती उरली असेल तीही गेली. दुकानात बसून तो सांगायचा, मला कसली काळजी, माझ्या बायकोची नजर माझ्यावर असते, हेलिकॉप्टरपेक्षा भारी. ऐकणाऱ्या जवान पोरांना ते पटायला लागलं. पुढल्या वसंतात मी क्रौंच टांगला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो टांगल्यावरही बर्फावर माणसं दिसली. विचारलं तर म्हणायची, टेक्लाकाकू वर आहे ना.

वहिनीचे हाल कुत्रा खाईना असे झाले. ती उजाडल्यापासून टेकाडावर असायची. पाखरं बघणं तिनं सोडूनच दिलं, शहरातले फोन घरात वाजून वाजून बंद व्हायचे. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायलाही ती दुर्बिणीवरून डोळा काढायची नाही. प्रत्येक गरुड तिला माणूस वाटायचा. आर्मासला फोन करायला ती घरी उतरायची आणि फोनकडे गेलेला हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायची. ती वाळत चालली होती. मी तिला म्हटलं, वहिनी, सांगून टाक त्याला, काय झालं होतं ते.

ती म्हणाली, ‘सायमा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या भीतीला हसला नाही. ते पण सोडू?’

पुन्हा मी तो विषय काढला नाही. नणंद झाले म्हणून काय, इतकं मलाही कळतं.

त्याच आठवड्यात दक्षिणेचा मोठा वारा सुटला. मी वहिनीकडे अंडी द्यायला गेले होते. दादा मागच्या ओसरीत गिरमिटाला तेल देत होता आणि गुणगुणत होता. बादली शेजारी तयार. वहिनी टोपी घालून टेकाडावर जायला निघाली होती. दारात थांबली. तिनं ती लाल टोपी डोक्यावरून काढली आणि हातात धरली.

‘वाल्फ्रिड,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी मी तुला पाहिलं आणि ओळखलं नाही. डोरीननं विचारलं, हे काय, तर मी म्हटलं गरुडाचं पिल्लू आहे. मग आम्ही पाव खाल्ला आणि घरी निघालो.’

दादाला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेव्हा त्याचं गुणगुणणं थांबलं आणि तो हळूच त्या बादलीवर बसला, तसाच, जसा तिकडे बसला असेल. वारा ओसरीच्या फळ्या हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणापासून कधी तिथं पाहिलं नव्हतं, म्हणून ते काय आहे हे ओळखायला मलाही वेळ लागला.

‘म्हणजे तेव्हा,’ त्यानं विचारलं, ‘मला कुणीच बघत नव्हतं?’

‘गरुड बघत होते,’ वहिनी म्हणाली.

दादा उठला आणि गिरमिट खुंटीला अडकवायला लागला. दोनदा त्याची खुंटी चुकली, आणि शेवटी वहिनीनंच ते त्याच्या हातातून घेऊन टांगलं.